पेलाजी मांगा आणि बुयोकच्या पोरी

एलुकाय गावात मुलगी बारा-तेराव्या वर्षी कुस्तीत उतरते आणि लग्न ठरलं की कायमची बाहेर पडते. मधली सहा-सात वर्षं काय ती तिची. पण तेवढ्या वर्षांत तिने कुणाकुणाला वाळूवर पाडलं, हे ती म्हातारी झाली तरी लोक विसरत नाहीत. विहिरीवर पाणी भरणाऱ्या दोन बायांकडे बोट दाखवून गावातला कोणीही सांगेल की हिने तिला कुठल्या साली उचलली होती.

पेलाजी मांगाबद्दल असं सांगण्यासारखं पंधराव्या वर्षापर्यंत काहीच नव्हतं. अंगाने ती इतकी किडकिडीत होती की पोरी तिला सुकट म्हणत. आई डाकारला घरकामाला, बाप ताडीच्या झाडावर, आणि पोर आत्याच्या घरी, असा तिचा संसार होता.

आत्याचं नाव आयिंबेन. तिच्या तरुणपणी कासामान्सच्या सगळ्या मुलखात फ्रेंचांचं राज्य होतं आणि मिशनचे फादर पोरींच्या कुस्तीवर भारी नाराज होते. कमरेला फडकं गुंडाळून चारचौघांत झोंबाझोंबी करणाऱ्या मुलींना प्रसाद मिळणार नाही, असं त्यांनी एका रविवारी वेदीवरून सांगितलं. त्या वर्षी निम्म्या पोरी घरी बसल्या. आयिंबेन गेली. खाडीपलीकडच्या बुयोक गावच्या पाच जणी तिने एकामागून एक पाडल्या आणि पुढच्या रविवारी प्रसादाच्या रांगेत येऊन उभी राहिली. फादरांनी तिला ओलांडून पुढच्या बाईला प्रसाद दिला. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. भातं कापून झाली, झोडून झाली, ईस्टर आला, तरी ती दर रविवारी रांगेत येऊन तोंड उघडत होती. ईस्टरला फादरांनी तिच्या जिभेवर प्रसाद ठेवला. का ठेवला, याच्या गावात चार तऱ्हेच्या गोष्टी आहेत.

आत्याला विचारलं तर म्हणायची, "मला काय ठाऊक? मी तोंड उघडं ठेवलं होतं, एवढंच."

पेलाजीला तिने शिकवलं ते भाताच्या खाचरात. लावणी आटोपून घरी निघाल्यावर बाकीच्या बाया बांधावरून पुढे जात आणि या दोघी मागे राहत. गुडघाभर चिखलात आत्या वाकून उभी राहायची आणि म्हणायची, "ये, पाय काढ माझा." पेलाजी दोन्ही हातांनी आत्याचा गुडघा धरून ओढायची. आत्या जागची हलायची नाही.

"हाताने ओढतेस म्हणून येत नाही. खाली जा. अजून खाली. तुझं डोकं माझ्या मांडीला लागलं पाहिजे. बकरीचं पिल्लू आचळाला कसं ढुशी मारतं, पाहिलं नाहीस?"

दोन पावसाळे हे चाललं. पंधराव्या वर्षी पेलाजी पहिल्यांदा बुयोकविरुद्ध उभी राहिली. पाऊस सरत आला होता, भातं पोटरीला आली होती, आणि एलुकायच्या मोठ्या सावरीच्या झाडाखाली दोन्ही गावं रिंगण धरून बसली होती. बुयोकच्या बाजूने ओनोरीन जिबा पुढे आली. रुंद खांदे, जाड मनगटं, तोंडभर हसू. तिने पेलाजीकडे वरून खाली पाहिलं आणि एलुकायच्या लोकांकडे वळून मोठ्याने विचारलं, "काय हो, यंदा खाडीत मासे नाहीत वाटतं तुमच्याकडे? सुकट पाठवलीय!"

हे नाव तिला कोणी सांगितलं नव्हतं. दोन्ही गावं हसली. ढोलाचा ठेका पुरा व्हायच्या आत पेलाजी पाठीवर होती.

दुसऱ्या वर्षी दोघी इतका वेळ एकमेकींना धरून राहिल्या की शेवटी पंच म्हाताऱ्याने मधे काठी घालून त्यांना सोडवलं. तिसऱ्या वर्षी पेलाजीचं डोकं ओनोरीनच्या मांडीला लागलं, गुडघा हातात आला आणि ओनोरीन आडवी झाली. उठून बसत तिने तोंडातली वाळू थुंकली.

"आत्ता कुठे सुकट शिजली," ती म्हणाली. रीतीप्रमाणे जिंकणारणीने हरणारणीला हात धरून उठवायचं आणि दोघींनी रिंगणाला एक फेरी मारायची असते. त्या फेरीत ओनोरीनने तिला विचारलं, की गुडघा धरायच्या आधी तू डावीकडे पाहिलंस, ते मुद्दाम का? पेलाजी म्हणाली, मुद्दाम. तिथून त्यांची मैत्री झाली.

त्या वर्षी सार्जंट फाय नावाचा सैन्यातला एक माणूस मोटरसायकलवर बसून कुस्त्या पाहायला आला होता. देशाचा बायकांचा संघ नुकताच उभा राहत होता आणि त्याला पोरी हव्या होत्या. त्याने दोघींना निवडलं. ओनोरीनच्या घरून लगेच होकार आला. आयिंबेन आत्याने मात्र त्याला ओट्यावर बसवून घेतलं, पुढ्यात ताडीचा तुंबा ठेवला, आणि चौकशी सुरू केली.

"तिकडे कुस्ती कशावर करतात?"

"गादीवर, आजी."

"गादीवर? ती कशाला?"

"पडल्यावर लागू नये म्हणून."

आत्याने यावर थोडा विचार केला. "मग आपण पडलो हे पोरीला कळतं कसं?"

"पंच शिट्टी वाजवतो," सार्जंट म्हणाला.

आत्या खूप वेळ हसली. मग म्हणाली, "ने. पण उपाशी ठेवू नकोस तिला. खाऊन अंगाला लागत नाही तिच्या, म्हणून कोणी वाढायचं विसरतं."

डाकारला दोघी ग्रां-योफ वस्तीतल्या एका खोलीत राहिल्या. सकाळी लोकांच्या घरी धुणीभांडी, दुपारनंतर सराव. गादीवरची कुस्ती निराळी होती. तिथे बूट घालायचे, गुण मोजायचे, घड्याळाकडे पाहायचं. एका वजनाला परदेशी एकच मुलगी जाणार, आणि दोघींचं वजन सार्जंटने उपाशी ठेवून किंवा खाऊ घालून एकच करून ठेवलं होतं. निवडीच्या कुस्तीत पेलाजी एका गुणाने जिंकली. ओनोरीनने बूट काढून भिंतीवर फेकले आणि दोन दिवस तिच्याशी बोलली नाही, तिच्या ताटातही जेवली नाही. तिसऱ्या दिवशी पेलाजी कामावरून आली तेव्हा तिची पिशवी भरून तयार होती. वर ओनोरीनचा चांगला स्वेटर घडी करून ठेवलेला.

"विमानात थंडी असते म्हणतात," ओनोरीन म्हणाली. "घाण केलास तर बघ."

स्पर्धा परदेशात, याउंदे शहरात होती. पेलाजीची पहिली जोड नायजेरियाच्या एका मुलीशी लागली. ती मुलगी तिच्यापेक्षा बुटकी होती. दीड मिनिटात तिने पेलाजीला डोक्यावरून मागे टाकलं. शिट्टी वाजली, आणि पेलाजीला ती ऐकू आली नाही. उरलेले चार दिवस तिने प्रेक्षकांत बसून काढले.

गावी परतली तेव्हा कोणी निकाल विचारला नाही. विमान कसं असतं, तिथे भात मिळतो का, हेच प्रश्न. सगळे गेल्यावर आत्याने विचारलं,

"पाठ टेकली का?"

"टेकली."

"किती वेळात?"

"बटाटा सोलून होतो तेवढ्या वेळात."

"कशी?"

पेलाजी सांगू लागली. आत्या म्हणाली, "तोंडाने नको," आणि उठून अंगणात आली. तिची साठी उलटून गेली होती. पेलाजीने तिच्या काखेखालून हात घातले, नायजेरियाच्या मुलीने कसं वजन मागे घेतलं ते हळूहळू करून दाखवलं. आत्याचे पाय जमिनीवरून चार बोटं सुटले तेव्हा ती म्हणाली, "हं. ठेव." मग वाकून तिने पेलाजीचे पाय हाताने एकमेकांपासून थोडे लांब केले, पुन्हा उचलायला लावलं, पुन्हा ठेवायला लावलं. असं पाच-सहा वेळा झालं. शेजारीण कुंपणावरून ओरडली, "अगं, म्हातारीला मारतेस की काय!"

"तू तुझी चूल बघ," आत्या अधांतरी लटकूनच म्हणाली.

दोन वर्षांनी पेलाजीला कांस्यपदक मिळालं. त्यानंतरच्या वर्षी सरावात उजवा गुडघा निखळला. डाकारच्या इस्पितळात प्लास्टर घातलं, ते काढलं, आणि पुढे तिला बोलावणं आलं नाही. कोणी तिला नको म्हटलं असंही नाही. बोलावणं आलं नाही, इतकंच. ती गावी परतली आणि वर्षभरात ओनोरीनच्या भावाशी, मार्सेलशी, तिचं लग्न झालं. मार्सेल होड्या बांधायचा आणि फार बोलायचा नाही. अशा रीतीने पेलाजी बुयोकची सून झाली, आणि गावातच दिलेली, दोन घरं सोडून राहणारी ओनोरीन तिची नणंद.

पहिल्या वर्षी उत्सवाला ती बुयोकच्या बायांबरोबर नाचत रिंगणात आली तेव्हा तिच्या माहेरची माणसं ओरडली, "अरे, आमची सुकट तिकडच्या मडक्यात कशी गेली?" ओनोरीनने उलट ओरडून सांगितलं, "आम्ही जिंकून नाही आणली बाबांनो, आमच्या भावाने खाऊन पाहिली आणि ठेवून घेतली!" पेलाजी मान खाली घालून नाचत राहिली. तिला त्या दिवशी एलुकायच्या मुली जिंकाव्यात असं वाटत होतं आणि ते तिने कुणालाच सांगितलं नाही.

पुढे दहाएक वर्षांत गावं रिकामी होत गेली. पूर्वी डाकारला कामाला गेलेल्या पोरी पाऊस लागला की लावणीला परत यायच्या. आता फोन यायचे, पोरी यायच्या नाहीत. एका वर्षी एलुकायकडून रिवाजाप्रमाणे लाकडी ढोलावर बोलावणं आलं आणि बुयोकच्या बाया मोजायला बसल्या. रिंगणात नऊ जणी लागतात. गावात होत्या चार.

"बाकीच्या पाच म्हणजे मी, वहिनी आणि आमच्या तीन बकऱ्या," ओनोरीन म्हणाली.

"तुमची चार बाळंतपणं झालीत, वन्सं," पेलाजी म्हणाली.

"मग काय झालं? वजन वाढलंय, कोण उचलणार मला?"

बायांच्या देवराईची राखण करणारी म्हातारी तिथेच बसली होती. तिने चेष्टा मानली नाही. "लग्न झालेली बाई रिंगणात गेली तर उद्या मीही येते लंगोट लावून. पोरी नसतील तर ढोलाला उत्तर देऊ नका. सांगा, बुयोक संपलं."

 घरी गेल्यावर पेलाजीने मार्सेलला विचारलं, डाकारमध्ये आपल्या गावच्या किती पोरी आहेत. त्याने बोटांवर मोजल्या. अकरा.

"मी जाऊन आणते," ती म्हणाली.

"त्यांच्या मालकिणी सोडतील?"

"विचारल्याशिवाय कसं कळणार?"

डाकारला जाणारं मोठं जहाज भर समुद्रात बुडालं त्या वर्षापासून ती मोठ्या बोटीत पाय ठेवत नव्हती. बुयोकमधून त्या जहाजात सहा जण गेले होते. ती गाडीने, मधल्या गँबिया देशातून गेली. वाटेतली नदी तरीने ओलांडावीच लागते, ती तिने डोळे मिटून ओलांडली.

डाकारमध्ये तिने तीन दिवस दारं ठोठावली. एका मालकिणीने दार लावून घेतलं. एकीने सांगितलं, घेऊन जा आणि परत आणू नका. एक बाई सेरेर जमातीची निघाली, तिच्याही माहेरी कुस्ती, तिने पेलाजीला बसवून मासे-भात वाढला आणि पोरीला दहा दिवसांची सुट्टी दिली. दोन पोरींनी स्वतःच यायला नकार दिला. एक म्हणाली, "मी आता नखं वाढवलीत, काकू." तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्याकडे चार पोरी झाल्या होत्या. पाचवी जेर्मेन. ती औषधाच्या दुकानाच्या मालकीण मादाम सेक यांच्याकडे कामाला होती.

मादाम सेक वाईट बाई नव्हती. तिची आई अंथरुणाला खिळलेली होती, आणि तिला दिवसातून सहा वेळा उचलून बसवावं लागे.

"तुमचा सण मला समजतो," ती म्हणाली. "पण माझ्या आईला कोण उचलणार? तू?"

"हो," पेलाजी म्हणाली.

"तू म्हणजे?"

"जेर्मेन येईपर्यंत मी राहते इथे. तिचं सगळं काम करते."

मादाम सेकने तिच्या काटकुळ्या दंडांकडे पाहिलं. "तुला झेपेल? आई हाडापेराने मोठी आहे."

"मोठी म्हणजे किती किलो?"

जेर्मेन दाराआड उभी राहून हे ऐकत होती. ती हळूच म्हणाली, "मादाम, या पेलाजी मांगा आहेत." मादाम सेकने ते नाव कधी ऐकलं नव्हतं. पण पेलाजी आतल्या खोलीत गेली, पलंगाशी वाकली, म्हातारीच्या काखेखालून हात घातले, स्वतःचे पाय एकमेकांपासून थोडे लांब केले आणि तिला बसती केली. म्हातारीने तोंडही वाकडं केलं नाही.

"ही राहू दे," म्हातारी लेकीला म्हणाली. "ती दुसरी मला पोत्यासारखी ओढते."

पोरी गावी गेल्या आणि पेलाजी मादाम सेकच्या घरी राहिली. पोरींना रस्त्यात गाडीत बसून जेवढं सांगता येईल तेवढं ओनोरीन शिकवणार होती, कारण तिला त्यांना घ्यायला अलीकडच्या झिगुइंशोर शहरात पाठवलं होतं. पेलाजीने फरशा पुसल्या, कपडे धुतले, म्हातारीला उचललं, धुतलं, कूस बदलली. म्हातारी सेंट-लुईची, बोलायची हौस मोठी. दोन दिवसांत तिने पेलाजीकडून आत्या, फादर, सार्जंट, नायजेरियाची मुलगी, सगळं काढून घेतलं.

"आणि पदक कुठाय?"

"आत्याच्या भाताच्या कणगीत."

"कणगीत कशाला?"

"आत्या म्हणते तिथे तिला रोज दिसतं."

उत्सवाच्या दिवशी दुपारी चार वाजता फोन आला. ओनोरीन होती, पण मागे ढोल इतके वाजत होते की ती काय ओरडत होती ते कळेना. म्हातारी म्हणाली, "मला पण ऐकू दे," म्हणून पेलाजीने फोन दोघींच्या कानांमध्ये धरला.

"हरलो!" ओनोरीन ओरडत होती. "पाच त्यांच्या, तीन आपल्या, एक बरोबरीत! पण वहिनी, नऊ उतरल्या! नऊ!"

"जेर्मेनचं काय झालं?"

"कुणाचं?"

"जेर्मेन! जेर्मेन!"

"अगं ती! ती पहिलीच. उभी राहिली आणि पडली. एवढा वेळ पण लागला नाही," आणि ओनोरीनने बहुधा चुटकी वाजवली, कारण काहीतरी टक् असं ऐकू आलं.

फोन ठेवल्यावर म्हातारीने मान पेलाजीकडे वळवली. मग म्हणाली, "म्हणजे तू इथे आठ दिवस माझं हागणं-मुतणं काढलंस, आणि ती पोर तिकडे जाऊन आडवी झाली?"

"हो."

म्हातारीला हसू फुटलं. ते खोकल्यात गेलं आणि पेलाजीला तिला उठवून पाठ चोळावी लागली. तेव्हा दोघीही हसत होत्या.

दहाव्या दिवशी जेर्मेन परत आली. कोपर सोललेलं, हातात भाजलेल्या कालवांची पिशवी. पेलाजीने तिला रागावलं नाही. स्वयंपाकघरात नेऊन उभं केलं आणि विचारलं, कशी पडलीस. जेर्मेनला नीट सांगता येईना. पेलाजीने तिला करून दाखवायला लावलं, आणि तेवढ्यात मादाम सेक पाणी प्यायला आत आली ती फ्रिजजवळच थबकली. जाताना तिने पेलाजीला राहण्याबद्दल विचारलं, जेर्मेनपेक्षा जास्त पगारावर. पेलाजी म्हणाली, भात कापणीला येतंय.

म्हातारी थंडीत वारली. मादाम सेकने जेर्मेनच्या हाती निळ्या कापडाचं एक ठाण पाठवलं, आईने पेलाजीचं नाव घेऊन ते बाजूला ठेवलं होतं म्हणून. पेलाजीने त्यातलं अर्धं ओनोरीनला दिलं. आयिंबेन आत्या त्यानंतर तीन वर्षांनी गेली. एलुकायच्या बायांनी तिच्यासाठी रिंगण धरून ढोल वाजवला आणि तिने पाडलेल्यांपैकी त्या वेळी जिवंत असलेली एकमेव बुयोकची म्हातारी दोघींच्या आधाराने खाडी ओलांडून आली.

डाकारची फेरी मात्र दरसालची झाली. काही मालकिणी आता पाऊस सरायला लागला की स्वतःच विचारतात, यंदा कधी न्यायच्या पोरी. दोन घरांत पेलाजीला पुन्हा बदली राहावं लागलं, एकदा ओनोरीनलाही, आणि तिने त्या घरातली दोन काचेची भांडी फोडली. जेर्मेन पुढची दोन वर्षं पडली, तिसऱ्या वर्षी एक कुस्ती जिंकली आणि लग्न करून मोकळी झाली. पेलाजीची स्वतःची मुलगी कुस्तीच्या वाटेला गेली नाही. ती झिगुइंशोरला नर्सिंग शिकते आणि आईच्या गुडघ्याची चौकशी फोनवर करते.

कोणा अधिकाऱ्याच्या ओळखीने बुयोकच्या शाळेला कुस्तीच्या दोन गाद्या मिळाल्या. एकीवर संध्याकाळी पोरी सराव करतात, दुसरी पावसात भिजून कुजली. पेलाजी त्यांना गादीवरचे आणि वाळूवरचे, दोन्ही डाव शिकवते, आणि दोन्हींतला फरक विचारला तर तिला पटकन सांगता येत नाही.

गेल्या उत्सवात बुयोकच्या चौदा पोरी उभ्या होत्या. एलुकायला एवढ्या जोड्या मिळेनात, म्हणून पाच जणी नुसत्याच बसून राहिल्या आणि त्यांनी दिवसभर कुरकुर केली. नऊ कुस्त्यांत बुयोकने एका कुस्तीने बाजी मारली. शेवटची कुस्ती पेलाजीने पाहिली नाही. ती रिंगणाबाहेर एलुकायच्या एका मुलीचं निखळलेलं बोट जागेवर बसवत होती, आणि ती मुलगी दात आवळून सारखी एकच विचारत होती, "जिंकलं कोण, आत्या? जिंकलं कोण?"

"हलू नकोस," पेलाजी म्हणाली.